शोधसूचीचा फुगवटा : जुन्या दप्तराचा नवा प्रश्न

मराठवाड्यातील कुणबी नोंदींचा शोध घेण्यासाठी राज्य सरकारने सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्या वर्षीच्या ऑक्टोबरअखेरपर्यंत पावणेदोन कोटींच्या घरातील कागदपत्रे तपासली गेली आणि त्यांत ११,५३० नोंदी आढळल्या, असे सरकारने जाहीर केले. म्हणजे साधारण दीड हजार कागदांमागे एक नोंद. धाराशिव हा मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांपैकी एक. १९४८ पर्यंत हा मुलूख हैदराबाद संस्थानात असल्याने येथील जुने दप्तर मोठ्या प्रमाणावर उर्दू आणि मोडीत आहे आणि ते वाचू शकणारी माणसे थोडी आहेत. २ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयाने हैदराबाद गॅझेटियरमधील नोंदी विचारात घेण्याचे ठरल्यानंतर पणजोबांच्या नावाची एखादी ओळ शोधणाऱ्यांची संख्या आणखी वाढली.

कागद स्कॅन केला म्हणजे तो शोधण्याजोगा झाला, असा एक सार्वत्रिक समज आहे. तो खरा नाही. स्कॅन केलेले पान संगणकाच्या लेखी केवळ चित्र असते. जाणकाराने ते वाचून मजकूर देवनागरीत टंकलिखित केला आणि तो डेटाबेसमध्ये साठविला, तरच शब्दावरून पान हुडकता येते. असा मजकूर लाखोंच्या संख्येने जमू लागला की प्रत्येक वेळी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचत जाणे यंत्रालाही परवडत नाही. त्यासाठी रिलेशनल डेटाबेसमध्ये ‘फुल टेक्स्ट इंडेक्स’ म्हणजे संपूर्ण मजकुराची शोधसूची तयार करण्याची सोय असते. पोस्टग्रेस-क्यूएल, मायएसक्यूएल, एसक्यूएल सर्व्हर, ओरॅकल या सर्व प्रचलित प्रणालींत ती आहे. मात्र ही सूची एकदा करून विसरून जाण्याची वस्तू नव्हे. ती वाढत जाते आणि दुर्लक्ष झाल्यास मूळ मजकुरापेक्षाही मोठी होऊन बसते.

सूची कशी बनते

जाडजूड ग्रंथाच्या शेवटी शब्दसूची असते. शब्द आणि त्यापुढे पृष्ठांक. फुल टेक्स्ट इंडेक्सची रचना नेमकी हीच असते. मजकुराचे शब्द सुटे केले जातात, प्रत्येक वेगळ्या शब्दाची एक नोंद होते आणि त्या नोंदीखाली तो शब्द ज्या ज्या ओळींत आला त्यांचे क्रमांक लिहिले जातात. ‘तुळजापूर’ शोधले की यंत्र थेट त्या नोंदीपाशी जाते आणि क्रमांक उचलते.

या रचनेत जागा दोन ठिकाणी जाते. एक शब्दांच्या नोंदींना आणि दुसरी क्रमांकांच्या यादीला. सामान्य तर्क असा, की सर्वत्र येणारे ‘आहे’, ‘आणि’, ‘जिल्हा’ यांसारखे शब्द अधिक जागा खात असतील. प्रत्यक्षात पोस्टग्रेसच्या ‘जिन’ प्रकारच्या इंडेक्समध्ये २०१४ च्या ९.४ आवृत्तीपासून क्रमांकांच्या याद्या दाबून साठविल्या जातात. मागच्या क्रमांकापासूनचे अंतर तेवढे लिहिले जाते, त्यामुळे दर पानावर येणाऱ्या शब्दाला पानामागे एक-दोन बाइट पुरतात. याउलट संपूर्ण संग्रहात एकदाच आलेल्या शब्दाला स्वतःची स्वतंत्र नोंद लागते. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. ‘धाराशिव’ या शब्दात मात्रा धरून ७ चिन्हे, म्हणून २१ बाइट. ‘उस्मानाबाद’मध्ये १० चिन्हे, म्हणून ३० बाइट. त्यावर नोंदीची इतर सामग्री चढवली की एका एकांड्या शब्दाचा खर्च चाळीस बाइटांच्या पुढे जातो. सूची फुगविणारे खरे गुन्हेगार हे एकांडे शब्दच होत. नेहमीच्या शब्दांना वगळण्यात धन्यता मानणाऱ्यांच्या हे सहसा लक्षात येत नाही.

मराठीची रूपे

एकांडे शब्द मराठीत इतके का निपजतात, याचे उत्तर व्याकरणात आहे. हिंदीत ‘किसान के लिए’ हे तीन शब्द होतात. मराठीत ‘शेतकऱ्यासाठी’ हा एकच. विभक्तीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये मूळ शब्दाला जोडून लिहिण्याची आपली पद्धत असल्याने धाराशिवचा, धाराशिवची, धाराशिवच्या, धाराशिवला, धाराशिवहून, धाराशिवमध्ये, धाराशिवकर, धाराशिवकरांनीसुद्धा असे एकाच गावाचे डझनभर अवतार सूचीत स्वतंत्रपणे नांदू लागतात. ‘तुळजापूर’चे ‘तुळजापुरात’ होताना तर मधला ऊकारही ऱ्हस्व होतो. शोधणारा ‘तुळजापूर’ टंकतो, दस्तात ‘तुळजापुरात’ असते आणि यंत्र निर्विकारपणे सांगते, नोंद आढळली नाही.

इंग्रजीसाठी यावरचा उपाय जुना आहे. शब्दाचे शेपूट छाटून मूळ रूप सूचीत ठेवणाऱ्या छोट्या कार्यक्रमाला ‘स्टेमर’ म्हणतात. पोस्टग्रेससोबत येणाऱ्या स्नोबॉल संचात हिंदी, नेपाळी आणि तमिळ भाषांसाठी असे स्टेमर आहेत, मराठीसाठी नाही. एसक्यूएल सर्व्हरच्या भाषांच्या यादीत मराठी आहे. पोस्टग्रेस वापरणाऱ्यांना हन्स्पेल पद्धतीचा शब्दकोश जोडता येतो किंवा मजकूर सूचीत जाण्यापूर्वी प्रत्यय वेगळे करणारी पायरी स्वतः लिहावी लागते. हिंदीचा स्टेमर मराठीवर चालवून वेळ मारून नेण्याचा मोह टाळलेला बरा. ‘च्या’, ‘हून’, ‘साठी’ यांची ओळख त्याला असण्याचे कारण नाही.

लेखनातील आणखी एक तिढा डोळ्यांना दिसतच नाही. ‘शेतकऱ्यांचा’ या शब्दातील ‘ऱ्य’ संगणकावर किमान तीन प्रकारे टंकता येतो. स्वतंत्र ‘ऱ’ वापरून, ‘र’ला नुक्ता देऊन किंवा ‘र’, हलन्त आणि शून्य रुंदीचे जोडचिन्ह वापरून. पडद्यावर तिन्ही सारखे दिसतात, सूचीत ते तीन वेगळे शब्द होतात. युनिकोडचे ‘एनएफसी’ हे प्रमाणीकरण पहिले दोन प्रकार एक करते. तिसरा मात्र तसाच राहतो, तो स्वतंत्र नियमाने बदलावा लागतो. जमिनीच्या दस्तांत ‘शेतकरी’ हा शब्द किती वेळा येत असेल याची कल्पना केली, तर या एका अक्षराची किंमत कळते. अंकांचीही तीच गत आहे. ‘१२३’ आणि रोमन लिपीतील तेच अंक या यंत्राच्या दृष्टीने वेगवेगळ्या गोष्टी. शिवाय गट क्रमांक, फेरफार क्रमांक आणि तारखा हे सर्व एकांडे शब्द. त्यांना शोधसूचीत मुळी स्थानच देऊ नये. त्यांच्यासाठी वेगळे रकाने आणि साधा इंडेक्स असावा. तो लहान राहतो आणि उत्तरही नेमके देतो.

यंत्राने वाचलेला मजकूर आला की भर आणखी पडते. छापील देवनागरी ओळखणाऱ्या कार्यक्रमांकडून जीर्ण पानावर ‘घ’चा ‘ध’ होतो, अनुस्वार गळतो, दोन शब्द चिकटतात. अशा प्रत्येक चुकीतून भाषेत नसलेला एक शब्द जन्मतो. सामान्यतः मजकूर वाढत गेला की नवे शब्द सापडण्याचा वेग मंदावतो. पहिल्या हजार पानांत जितके नवे शब्द येतात तितके पुढच्या हजारांत येत नाहीत. चुकांना मात्र हा नियम लागू नाही. त्यामुळे दर महिन्याला ओळींची संख्या आणि वेगळ्या शब्दांची संख्या शेजारी लिहून ठेवावी. पोस्टग्रेसमध्ये ‘टीएस-स्टॅट’ हे फंक्शन शब्दवार आकडे देते. ओळींच्या प्रमाणात शब्दही सरळ रेषेत वाढत असतील, तर भाषा वाढत नसून कचरा वाढत आहे असे समजावे.

ईट, तेर आणि भूम

सूची लहान ठेवण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे आखूड शब्द वगळणे. मायएसक्यूएलमध्ये हे काम न सांगताच होते. इनोडीबी प्रकारच्या तक्त्यांत ३ चिन्हांहून लहान शब्द सूचीत घेतले जात नाहीत. जुन्या मायआयसॅम तक्त्यांत ही मर्यादा ४ होती. इंग्रजीत याने फारसे बिघडत नाही. धाराशिव जिल्ह्यात मात्र बिघडते. भूम तालुक्यातील ‘ईट’ या गावाच्या नावात दोनच चिन्हे आहेत. ते इनोडीबीच्या सूचीत येतच नाही. संत गोरोबाकाकांचे ‘तेर’, प्राचीन काळी तगर या नावाने रोमपर्यंत व्यापार करणारे नगर, मात्रा धरून तीन चिन्हांचे. ‘भूम’ही तीनच. नव्या मर्यादेत ती कशीबशी बसतात, जुन्या मर्यादेत गळतात. ईटच्या खातेदाराने गावाच्या नावावरून शोध घेतला आणि काही मिळाले नाही, तर दोष दप्तराचा नसून एका आकड्याचा असतो. जुन्या रजिस्टरात जातीच्या रकान्यात ‘कु.’ असा संक्षेप असेल तर तोही याच चाळणीतून खाली पडतो. ही मर्यादा बदलता येते. पण त्यासाठी सर्व्हर पुन्हा सुरू करून संपूर्ण सूची नव्याने बांधावी लागते, म्हणून हा निर्णय पहिल्याच दिवशी घ्यावा.

वगळायच्या शब्दांची यादी करतानाही अशीच सावधगिरी हवी. ‘रा.’, ‘ता.’, ‘जि.’ हे प्रत्येक ओळीत असतात, त्यांना खुशाल वगळावे. ‘बुद्रुक’ आणि ‘खुर्द’ हेही सर्वत्र आढळतात, म्हणून कोणी त्यांना यादीत टाकील. तसे झाल्यास एकाच नावाची दोन गावे एकमेकांत मिसळतील आणि भलत्याच्या जमिनीचा कागद हाती येईल. वगळण्याने वाचणारी जागा थोडी आणि होणारा घोळ मोठा, असा हा व्यवहार आहे.

पुसलेले शब्द जातात कुठे

डेटाबेसमधून ओळ काढून टाकली की सूचीही तेवढी आटते, अशी अपेक्षा असते. ती बहुधा फोल ठरते. मायएसक्यूएलच्या इनोडीबीमध्ये काढलेल्या ओळीचे क्रमांक एका वेगळ्या यादीत टिपले जातात आणि शोधाच्या वेळी उत्तरातून गाळले जातात. मूळ सूची आहे तशीच राहते. ती साफ करण्यासाठी ‘इनोडीबी-ऑप्टिमाइझ-फुलटेक्स्ट-ओन्ली’ हा पर्याय चालू करून ‘ऑप्टिमाइझ टेबल’ ही आज्ञा द्यावी लागते. एका फेरीत ठरावीक संख्येचेच शब्द हाताळले जातात. मूळ ठेवणीत ही संख्या २,००० आहे. म्हणून मोठ्या सूचीसाठी ही आज्ञा रात्रीच्या वेळी अनेकदा चालविण्याची व्यवस्था ठेवावी लागते. एसक्यूएल सर्व्हरमध्ये सूचीचे तुकडे साचत जातात. कॅटलॉगला ‘रीऑर्गनाइझ’ची आज्ञा दिली की ते एकत्र होतात.

पोस्टग्रेसची तऱ्हा निराळी. तेथे ‘व्हॅक्यूम’ ही सफाई मृत ओळींचे क्रमांक काढून टाकते. पण शब्दाची नोंद एकदा झाली की जिन इंडेक्स ती काढत नाही. एखाद्या भाषेतील शब्दसंग्रह फार हळू बदलतो, तेव्हा आज रिकामी झालेली नोंद उद्या कामी येईल, असा रचनाकारांचा विचार होता. शुद्ध मजकुराच्या बाबतीत तो योग्यच आहे. चुकीने वाचलेल्या पानांच्या बाबतीत मात्र त्याचा परिणाम उलटा होतो. दहा हजार पाने वाचली, चुका दुरुस्त केल्या, व्हॅक्यूमही केले, तरी त्या निरर्थक शब्दांच्या रिकाम्या नोंदी सूचीत कायम मुक्कामाला राहतात. त्या घालवण्याचा मार्ग एकच, ‘रीइंडेक्स’ म्हणजे सूचीची नव्याने बांधणी. २०१९ च्या १२ व्या आवृत्तीपासून ती वापर चालू ठेवूनही करता येते. मात्र जुनी आणि नवी सूची काही काळ एकाच वेळी अस्तित्वात असल्याने डिस्कवर तेवढी मोकळी जागा आधी हवी. जागा संपल्यावर रीइंडेक्स आठवणे म्हणजे विहीर आटल्यावर बादली शोधणे.

नव्या ओळी टाकतानाची एक सोयही येथे नीट समजून घ्यावी. एका पानात शेकडो शब्द असल्याने एक ओळ आली की सूचीत शेकडो ठिकाणी हात लावावा लागतो. ते टाळण्यासाठी पोस्टग्रेस नवे शब्द आधी एका प्रतीक्षा यादीत टाकते आणि नंतर एकगठ्ठा सूचीत मिसळते. या यादीची मूळ मर्यादा ४ एमबी आहे. ती वाढविली तर भरणा जलद होतो, पण प्रत्येक शोधाला ती यादी पहिल्यापासून चाळावी लागते आणि नागरिकाला उत्तर उशिरा मिळते. एखाद्या तालुक्याचे संपूर्ण दप्तर एकदम भरायचे असेल तर सूची काढून टाकावी, मजकूर भरावा आणि शेवटी एकदाच सूची बांधावी. यात वेळही वाचतो आणि सूचीही आटोपशीर बनते.

एका नावाचा बदल

धाराशिव जिल्ह्याला या विषयात खास उदाहरण लाभले आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्राच्या मान्यतेनंतर उस्मानाबाद शहराचे आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जिल्ह्याचे नाव अधिकृतपणे धाराशिव झाले. मे २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हा बदल वैध ठरविला. आता एखाद्या उत्साही कर्मचाऱ्याने साठविलेल्या सर्व मजकुरात ‘उस्मानाबाद’च्या जागी ‘धाराशिव’ करण्याची एक ओळीची आज्ञा दिली, तर काय होईल?

प्रत्येक पानातील एकच शब्द बदलेल, असे वाटते. पोस्टग्रेस ओळ जागेवर बदलत नाही. ते ओळीची नवी प्रत लिहिते आणि जुनी मृत ठरविते. नवी प्रत आली की तिच्यातील सगळेच शब्द सूचीत पुन्हा नोंदवावे लागतात. जिल्ह्याचे नाव बहुतेक प्रत्येक पानावर असल्याने एका शब्दाच्या बदलासाठी सूचीतील क्रमांकांच्या याद्या जवळजवळ दुप्पट होतात. सफाईनंतर ती जागा पुढच्या भरण्याला वापरता येते, परंतु फाइलचा आकार सहसा खाली येत नाही. हे झाले यंत्राचे. १९५० सालच्या दस्तावर जे लिहिलेच नव्हते ते त्यावर दिसू लागेल, हा दोष त्याहून गंभीर. शिवाय ‘उस्मानाबादी शेळी’ हे जातिवंत शेळीचे नाव आजही तेच आहे. ते बदलले तर पशुसंवर्धनाच्या कागदांत अस्तित्वात नसलेली एक जात निर्माण होईल.

योग्य मार्ग असा, की दस्ताचा मूळ मजकूर अजिबात बदलू नये आणि शोध घेताना दोन्ही नावे एकत्र विचारावीत. शोधणाऱ्याने ‘धाराशिव’ लिहिले की यंत्राने ‘धाराशिव किंवा उस्मानाबाद’ असा प्रश्न करावा. समानार्थी शब्दांची ही जोडणी सूची बांधतानाही करता येते, पण तेव्हा प्रत्येक पानाखाली दोन्ही नावे नोंदली जातात आणि पर्यायांची यादी बदलली की सूची पुन्हा बांधावी लागते. प्रश्नाच्या वेळी जोडणी केली तर सूचीत एक बाइटही वाढत नाही. जिल्हा, तालुका, गाव यांची ओळख नावाने न ठेवता सांकेतिक क्रमांकाने ठेवली असेल, तर नामांतराचे काम एका छोट्या तक्त्यातील एका ओळीत आटोपते. ज्या तक्त्यात मजकूर आहे त्याच तक्त्यात ‘तपासले’, ‘प्रलंबित’ असे रोज बदलणारे शेरे ठेवण्याची सवयही याच कारणासाठी सोडावी. शेऱ्याच्या त्या रकान्यावर इंडेक्स असेल तर शेरा बदलला तरी नवी प्रत आणि नव्या प्रतीसह सर्व शब्दांची पुन्हा नोंद हे चक्र सुरू होते.

चुकीच्या शुद्धलेखनासाठी

नाव नेमके कसे लिहिले आहे हे ठाऊक नसलेला नागरिक अर्धवट किंवा चुकीच्या स्पेलिंगने शोधतो. त्याच्यासाठी शब्दाचे तीन-तीन चिन्हांचे तुकडे करून सूची बनविण्याची ‘ट्रायग्रॅम’ पद्धत आहे. सात चिन्हांच्या एका शब्दाचे आठ तुकडे होतात. संपूर्ण मजकुरावर ही सूची बांधली तर ती अवाढव्य होते. त्यापेक्षा संग्रहातील वेगळ्या शब्दांचा एक तक्ता करावा आणि ट्रायग्रॅम फक्त त्या तक्त्यावर बांधावी. आधी जवळचा शब्द सुचवायचा, मग तो मुख्य सूचीत शोधायचा, अशा दोन पायऱ्यांत काम भागते. पाने कोटींनी वाढली तरी हा तक्ता त्या मानाने फार थोडा वाढतो. अर्थात मजकूर शुद्ध असेल तर.

पानांचा आकारही आवरता ठेवावा. पोस्टग्रेसमध्ये एका ओळीच्या शब्दसंचाला १ एमबीची मर्यादा आहे आणि देवनागरीच्या तिप्पट बाइटांमुळे ती इंग्रजीच्या मानाने लवकर गाठली जाते. संपूर्ण रजिस्टर एका ओळीत कोंबण्याऐवजी एक पान, एक ओळ हा नियम पाळला तर मर्यादा आड येत नाही आणि शोधणाऱ्याला तीनशे पानांच्या बाडाऐवजी नेमके पान मिळते. जिल्ह्याचे आठ तालुके धरून तक्त्याचे आठ भाग केले, तर प्रत्येक भागाची सूची वेगळी राहते. परंड्याची सूची नव्याने बांधताना उमरग्याच्या माणसाला थांबावे लागत नाही. आणि ज्या तालुक्याचे दप्तर पुरते भरून, तपासून झाले, त्याची सूची शेवटची एकदा बांधून ठेवली की तिला पुढे फारसा हात लावण्याची गरज उरत नाही.